सरकारी प्रयोग आणि आमचे हेडमास्तर

आमच्या हेडमास्तरांनी दुसऱ्याच्या घरचा चहा कधी सरळ गिळला नाही. पहिला घोट तोंडात धरायचे, यजमानाच्या चेहऱ्याकडं क्षणभर बघायचे आणि मग सावकाश खाली उतरवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "साखरेचा म्हणून गुळाचा पाजतात लोक. आपलं कोल्हापूरच गुळाचं. सावध असावं माणसानं."

त्यांच्या संशयातून काही सुटत नसे. खडूची नवी पेटी आली की एक खडू जिभेला लावून बघत. शिंप्याच्या टेपवर भरवसा नाही म्हणून घरून सुतळीचं माप घेऊन जात, आणि तरी कोट खांद्यावरून उतरलेलाच असायचा. रस्त्यात घड्याळवाला माणूस दिसला की वेळ विचारायचे, पुढं दुसरा दिसला की त्यालाही विचारायचे. स्वतःच्या खिशात चालू घड्याळ असायचं, ते वेगळंच.

सिनेमाचा मात्र नाद होता. स्टुडिओ गावातच, त्यामुळं पडद्यावरच्या सैन्यात पेठेतलीच माणसं असायची. लढाईत कुणी कोसळला, बायकांनी पदर डोळ्यांना लावला, की मागच्या रांगेतून यांचा आवाज यायचा, "मेला न्हाई त्यो. पोट हालतंय बघा. परवा तालमीत शड्डू ठोकत होता." शेवटी त्यांच्या पत्नीनं त्यांच्यासोबत सिनेमाला जायचं सोडून दिलं.

मी त्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "मुलं आवडतात का तुम्हाला?"

"हो."

"सगळ्या बाया असंच म्हणतात. दिवाळीनंतर सांगा," म्हणाले, आणि मला पहिलीचा वर्ग दिला.

वर्गात शिरले की त्यांची एक खोड होती. मास्तरांनी "समजलं का?" म्हणायचा अवकाश, पोरं एका सुरात "होऽ" करायची. हेडमास्तर दारातून म्हणायचे, "हात वर गेला म्हणून डोक्यात उजेड पडला असं समजू नका. ज्याला समजलं त्यानं शेजारच्याला सांगायचं. शेजारच्याला समजलं तर तुम्हाला समजलं." मग वर्गात जो गोंधळ व्हायचा तो आम्ही निस्तरायचा. तरुण मास्तर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. मीही त्यांतलीच.

ह्या संशयाची मुळी कुठं होती ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. संस्थानच्या काळात ते मुरगूडकडं एका खेड्यात नवे मास्तर होते. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर त्यांच्या पोरांनी धडा असा घडाघडा वाचला की साहेबांनी भर सभेत शाल दिली. साहेबांची गाडी निघून गेल्यावर यांचं लक्ष गेलं. पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या हातात पुस्तक उलटं होतं. मग त्यांनी सगळ्यांचीच पुस्तकं काढून घेतली. पोरं तशीच घडाघडा वाचत राहिली.

"शाल अजून घरात हाय," ते म्हणाले. "पांघरवत न्हाई."

अशा माणसाच्या शाळेवर सरकारचं अनुदान येऊन पडलं.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. दरबारची शाळा आता स्कूल बोर्डाची झाली होती. कौलं तीच, गळतीही तीच. एक दिवस पुण्याहून एक अधिकारी आले. पांढरी स्वच्छ टोपी, मऊ बोलणं. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की शाळा सुधारायच्या तर अंदाजानं सुधारून चालणार नाही, संशोधन करून सुधारायला हव्यात, असं सरकारनं ठरवलं आहे. निवडक शाळांत प्रयोग करायचे, त्यासाठी अनुदान द्यायचं आणि जे खरं ठरेल ते मग सगळ्या शाळांना द्यायचं. आमच्या वाट्याला वाचनाचा प्रयोग आला होता. पहिलीच्या 'अ' तुकडीनं बाराखडी बाजूला ठेवून चित्रं आणि पूर्ण शब्द ह्यांवरून वाचायला शिकायचं. 'ब' तुकडीनं नेहमीप्रमाणे अक्षरं घोटायची. जानेवारीत दोघांची चाचणी घ्यायची.

हेडमास्तर सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि प्रयोग फसला तर?"

"फसणार नाही हो," अधिकारी हसून म्हणाले. "परदेशांत सिद्ध झालेली पद्धत आहे."

"मग प्रयोग कशाला करायचा?"

अधिकारी अजून हसतच होते, पण हसू जरा आवळलं. त्यांनी पुढचं सांगितलं. निकाल चांगला आला तर अनुदान पुढं चालू राहील, शाळेला दोन नव्या खोल्या मिळतील आणि 'अ' तुकडीच्या मास्तरांना पुण्याला शिक्षणासाठी पाठवलं जाईल.

ते गेल्यावर हेडमास्तर आम्हाला म्हणाले, "सरकार कशाला पैसे देतंय ते कळलं का? खरं शोधायला देतंय म्हणं. पण बक्षीस ठेवलंय ते चांगल्या निकालाला."

'अ' तुकडी जाधव मास्तरांकडं होती आणि 'ब' माझ्याकडं. जाधव गडमुडशिंगीहून रोज सायकल मारत यायचे. हुशार, मेहनती माणूस. पुढं शिकायची फार हौस, पण घरच्या शेतीतून तेवढं निघत नव्हतं. पुण्याचं नाव ऐकल्यापासून त्यांच्या चालण्यातच फरक पडला. प्रयोगाच्या सामानाची पेटी आली, तीतून रंगीत चित्रपत्ते निघाले, फ्लॅनेलचा फळा निघाला. त्या फळ्याला पत्ता नुसता टेकवला की चिकटून बसायचा. हेडमास्तरांनी फळा मागून बघितला, पत्ता हुंगला, फुंकर मारून पाडायचा प्रयत्न केला. पडला नाही तेव्हा म्हणाले, "पावसाळ्यात बघू."

पावसाळ्यातही पत्ते पडले नाहीत. आणि 'अ' तुकडीतली पोरं खरोखरच वाचायला लागली. माझी पोरं 'क का कि की' करत डोलत बसायची तेव्हा भिंतीपलीकडून 'कमळ', 'घर', 'गाय' असे पुरे शब्द ऐकू यायचे. मला हेवा वाटायचा. हेडमास्तर मात्र जाधवांच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहून कान देऊन ऐकायचे, आणि चेहरा असा की आत चोरी चाललीय. जाधव मला म्हणायचे, "बाई, ह्या म्हाताऱ्याला माझं चांगलं बघवत न्हाई. प्रयोग बुडवणार हा एक दिवस." मलाही तसंच वाटायचं.

जानेवारीत चाचणी झाली. अधिकारी स्वतः आले होते. 'अ' तुकडीचा निकाल असा लागला की त्यांनी जाधवांच्या पाठीवर थाप मारली. माझी तुकडी बरीच मागं पडली. मी मान खाली घालून पोरांना रांगेत सोडत होते, तेवढ्यात हेडमास्तर हजेरीपट काखेत घेऊन आले.

"बाई, चला जरा. फिरून येऊ."

"कुठं, गुरुजी?"

"जाधवांच्या वर्गातली काही पोरं आज आलेली न्हाईत. काल होती. परवा पण होती. चाचणीच्या दिवशीच आजारी पडायला पोरं काय कोर्टाची तारीख चुकवणारे वकील हाईत?"

मला वाटलं, लागला माणूस जाधवांच्या मागं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही गूळ बाजाराकडं चालू लागलो. बाजारात हमाली करणाऱ्यांची वस्ती होती तिथं, बरीचशी माणसं संकेश्वर, हुक्केरीकडून पोटासाठी आलेली. पहिल्याच घराच्या दारात एक बाई पोतं शिवत बसली होती आणि तिचा पोरगा बसू, जाधवांच्या वर्गातला, शेजारच्या ओट्यावर धडधाकट उड्या मारत होता.

"पोराला का पाठवलं नाहीस आज?" हेडमास्तरांनी विचारलं.

बाई गोंधळली. "मास्तरच सांगितला की! उद्या साहेब येनार हाय, पोराला पाठवू नको, सांगितला."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी कुणी नव्हतं. हेडमास्तर माघारी फिरले. परत बसूच्या दाराशी आले आणि कोटाच्या खिशातून दोन चित्रपत्ते काढले. कधी घेतले होते देव जाणे. पहिल्या पत्त्यावर कौलारू घराचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'घर'.

"वाच."

बसू गप्प. आईनं पाठीत एक रट्टा दिला तेव्हा पुटपुटला, "मनी."

"बघा," हेडमास्तर माझ्याकडं वळले. "घराला मनी म्हणतोय. मनी म्हणजे मांजर की! लबाडी करतोय का खरंच डोकं न्हाई?"

पण मला तोवर कळलं होतं. माझं आजोळ संकेश्वरचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी मी ती भाषा कानानं उचललेली. "गुरुजी, कानडीत घराला मनी म्हणतात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, मग दुसरा पत्ता धरला. गायीचा. बसूनं आता माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जरा मोठ्यानं म्हणाला, "आकळ."

"गाय," मी म्हटलं. "बरोबर आहे त्याचं."

आईनंच मग मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. शाळा सुरू झाली तेव्हा पोरगा वर्गात 'मनी' म्हणाला, सगळी पोरं म्याँव म्याँव करून हसली, तेव्हापासून त्यानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. चित्रावरून शब्द ओळखायचा ही पद्धत. चित्र बघून पोरगा त्याचा शब्द ओळखत होता, आणि पत्त्यावर लिहिलेला शब्द दुसराच होता.

परत येताना हेडमास्तर भराभरा पुढं चालत राहिले. बिंदू चौकात आल्यावर थांबले. "बाई, एक सांगतो. ती बाई 'मास्तरच सांगितला' म्हणाली न्हवं, तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठंतरी गार वाटलं. जाधव सापडला, पद्धत खोटी निघाली, माझंच खरं झालं."

त्यांनी हजेरीपट ह्या काखेतून त्या काखेत घेतला.

"म्हणून आता माझ्यावर विश्वास ठेवायला नको. फेरचाचणी घ्यायची ती मी घेणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाधवांना आणि मला खोलीत बोलावलं. जाधव आधी लालबुंद झाले, मग रडकुंडीला आले. "गुरुजी, पद्धत खरी आहे. तुम्ही स्वतः ऐकलंय. तीन-चार मठ्ठ पोरांपायी ती बुडवायची का? अनुदान गेलं तर उरलेल्या पोरांचं काय? शाळेचं काय?"

"तुमचं काय, ते पण विचारा की."

"हो, माझं काय?" जाधव ओरडलेच. "वर्षभर मी मरमर केली ती खोटी होती का?"

हेडमास्तर त्यांच्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "खोटी होती का खरी, तेच अजून कुणाला ठाऊक न्हाई. तुम्ही ते कळायची वाट बंद केलीत. आणि जाधव, मठ्ठ म्हणू नका. बाईंना विचारा ते पोरगं काय म्हणत होतं."

मी सांगितलं. 'मनी' म्हणजे घर हे ऐकल्यावर जाधवांनी टेबलावर पडलेला घराचा पत्ता हातात घेतला.

"आता तुम्ही बाईंच्या वर्गाची चाचणी घ्या, बाई तुमच्या वर्गाची घेतील. सगळी पोरं हजर पाहिजेत," हेडमास्तर म्हणाले. "एकमेकांवर पोटभर संशय घ्या. त्यातनंच खरं बाहेर येईल."

आम्ही दोघांनीही तो संशय मनापासून घेतला. जाधव माझ्या पोरांना एवढे आडवेतिडवे शब्द विचारत होते की मला राग आला. मीही काही कमी केलं नाही. निकाल हाती आला तो कुणालाच सोयीचा नव्हता. जाधवांची बहुतेक पोरं माझ्या पोरांच्या खरोखरच पुढं होती. मला ते मान्य करायला जड गेलं. पण घरी कानडी बोलणारी त्यांची पोरं माझ्या वर्गातल्या कानडी पोरांच्याही मागं पडली होती. माझी निदान अक्षरं तरी जुळवत होती. अक्षराला घरचा शब्द आडवा येत नाही.

हेडमास्तरांनी अहवाल जसाच्या तसा लिहिला. पहिल्या चाचणीला पोरं घरी ठेवली होती हेही लिहिलं, पण "शाळेकडून ठेवली गेली" असं. जाधवांचं नाव घातलं नाही.

अहवाल वाचून अधिकारी पुन्हा आले, ह्या वेळी न कळवता. दार लोटून घेतलं. मी तिथंच होते, कारण हेडमास्तरांनी मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. नंतर म्हणाले, "साक्षीला."

"बाकीचं आपण सांभाळून घेऊ," अधिकारी म्हणाले. "फक्त हा कानडीचा मजकूर काढून टाका."

"का?"

"दिवस कसे आहेत बघताय ना? कुठलं गाव कुठल्या राज्यात, यावरून माणसं रस्त्यावर उतरलीयत. कोल्हापुरातल्या मराठी शाळेत कानडी बोलणारी पोरं आहेत, हे तुमच्या सहीनं वर गेलं तर उद्या त्याचा कोण काय अर्थ काढील?"

"पण पोरं हाईत की."

"असू देत हो. लिहायला कशाला पाहिजे?"

हेडमास्तरांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "साहेब, पोरांना वाचता का येत न्हाई ते शोधायला सरकारनं पैसे दिले. मला वाटलं होतं, सरकार खोटं बोलतंय. शोधून काढलं तर आता तुम्ही म्हणताय, लपवा. माझा संशय तेवढा तरी खोटा ठरवायचा होता तुम्ही."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यांनी अहवालाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "मी अहवाल पाठवतो. पुढं माझ्या हातात नाही."

बातमी कशी फुटली कळलं नाही, पण फुटली. तालमीच्या कट्ट्यावर बोलणं सुरू झालं, की हेडमास्तर कानडीवाल्यांना फितूर हाय. लोक त्यांना बघून आवाज खाली करायला लागले. जो माणूस सगळ्या गावावर संशय घ्यायचा, त्याच्यावर आता गाव संशय घेत होतं. बोर्डाच्या कचेरीतून खुलासा मागवला गेला. पेन्शन जवळ आली होती, त्यांच्या पत्नी एकदा माझ्याकडं येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुम्ही तरी सांगा की त्यांना. एवढा एक मजकूर काढला तर काय आभाळ कोसळणार हाय?" मी सांगायला गेलेही. ते म्हणाले, "तिनंच पाठवलं न्हवं तुम्हाला?" आणि विषय संपला.

एके सकाळी शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'कानडी शाळा' लिहिलेलं निघालं. आम्ही सगळे भिंतीसमोर जमलो. हेडमास्तर पुढं झाले, बोट घासून बघितलं. "कोळसा हाय," म्हणाले. "ऱ्हस्वदीर्घ बी बरोबर हाय. म्हणजे शिकलेला माणूस." आणि गड्याला हाक मारून भिंत धुवून घेतली.

जाधव त्या दिवसांत आमच्या दोघांशीही बोलत नव्हते. पुण्याचं गेलं हे त्यांना कळून चुकलं होतं. मधल्या सुट्टीत एकटेच डबा खायचे. मग एकदा डबा बंद करून माझ्यापाशी आले आणि दुसरीकडं बघत विचारलं, "बाई, झाडाला काय म्हणतात त्यांच्यात?"

"गिडा."

"आणि कुत्र्याला?"

"नायी."

"हं," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून नवंच काही ऐकू यायला लागलं. जाधव पत्ता लावायच्या आधी चित्र दाखवून विचारायचे, "तुझ्या घरात काय म्हणतात ह्याला?" पोरं आपापलं सांगायची. बसू 'नायी' म्हणाला तेव्हाही पोरं हसली असतील, पण जाधवांनी सगळ्या वर्गाकडून 'नायी' म्हणवून घेतलं, मग 'कुत्रा' म्हणवून घेतलं, आणि मग शब्द दाखवला.

अनुदान बंद झालं. निकाल "अपेक्षेनुसार नाही" असं कळवण्यात आलं. बोर्डानं हेडमास्तरांना ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. सामान परत मागवलं होतं, तेव्हा एक शिपाई टांगा घेऊन आला आणि पेटी, पत्ते, फ्लॅनेलचा फळा सगळं घेऊन गेला. दुसऱ्या एका शाळेला ते मिळालं म्हणे. तिथला निकाल फारच चांगला लागत होता. हे सांगताना हेडमास्तरांच्या भुवया वर गेल्या त्या बराच वेळ खाली आल्या नाहीत. जाधवांनी जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांवर पोरांकडूनच चित्रं काढून घेतली आणि वर्ग पुढं चालू ठेवला.

नव्या वर्षी शाळा उघडली त्या आठवड्यात बसूची आई लेकीला घेऊन दारात उभी राहिली. पोरगी परकर-पोलक्यात, तेल चोपडलेलं डोकं, आईच्या पदराला घट्ट धरून. "हिला पन घ्या साळंत."

हेडमास्तरांनी लगेच विचारलं, "कुणी पाठवलं तुला?"

"कोन पाठवनार? पोरगा घरात वाचतोय. मीठ बांधून आनला त्यो कागद पन वाचतोय."

हेडमास्तरांचा विश्वास बसला नाही. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते एकटे गूळ बाजाराकडं गेले. काय बघितलं, काय ऐकलं, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं नाव दाखल करून घेतलं तेव्हा मी आणि जाधव दोघंही तिथंच होतो. जाधवांना राहवलं नाही. "गुरुजी, मग पटलं का आता?"

"पोरगं वाचतंय, हे खरं," हेडमास्तर म्हणाले. "चित्रानं वाचतंय, अक्षरानं वाचतंय, का तुम्ही त्याच्याशी माणसासारखं बोलायला लागलात म्हणून वाचतंय, ते अजून मला ठाऊक न्हाई. त्याला आणखी एक वर्ष बघावं लागंल."

जाधव हसले. किती तरी महिन्यांनी हसले असतील.

हेडमास्तर खुर्चीतून उठले आणि त्या पोरीसमोर उकिडवे बसले. समोर कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. त्याच्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात ह्याला काय म्हणतात गं?"

पोरगी आईच्या पदराआड गेली, परत बाहेर आली. "कागी," हळूच म्हणाली.

"कागी," हेडमास्तर म्हणाले, पुन्हा एकदा म्हणून बघितलं, "कागी." मग मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली करून विचारलं, "खरं सांगतीय का ही, बाई?"